अद्भुताच्या मालिका आणि त्यांची अखेर

आपल्या धर्मग्रामांतील वाचणारी मुले आज काय वाचतात, याची चौकशी केली असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ती सुटी कादंबरी क्वचित वाचतात. ती मालिका वाचतात. तीन खंड, सात खंड, चौदा खंड; आणि त्यांतले कित्येक खंड सहाशे-सातशे पृष्ठांचे. त्यांत जादूगारांच्या शाळा असतात, बोलणारे सिंह असतात, वाळवंटी ग्रह असतात, आकाशगंगाभर पसरलेली साम्राज्ये असतात. पालकांच्या मनात यामुळे दोन भावना एकदम उभ्या राहतात. मुलाच्या हाती पुस्तक आहे याचे समाधान असते आणि त्या पुस्तकात मंत्रतंत्र, परके देव, प्रसंगी ख्रिस्तसभेची निंदाही आहे याची धास्ती असते. यांतून दोन सोपे मार्ग निघतात: सरसकट बंदी किंवा सरसकट दुर्लक्ष. आमच्या मते हे दोन्ही निर्णय पुस्तक न वाचताच घेतलेले असतात. प्रस्तुत लेखात काही प्रमुख मालिकांचा विचार आम्ही त्या वाचून करीत आहोत, आणि त्यांना दोनच प्रश्न विचारीत आहोत. ही कथा संपते का, आणि संपत असेल तर कशी? आणि ही कथा आपल्या मृतांचे काय करते?

हेच दोन प्रश्न का, असे कोणी विचारील. दर रविवारी मिस्साविधीत आपण ज्या शब्दांनी श्रद्धा प्रकट करतो, त्यांची सांगता मृतांच्या पुनरुत्थानाने आणि येणाऱ्या युगातील जीवनाने होते. जगाला आरंभ आहे तशी परिपूर्तीही आहे, काळ हा नुसता फिरत राहणारा रहाट नव्हे, ही आपली धारणा. म्हणून एखादा लेखक नवे जग निर्माण करतो तेव्हा त्या जगाला तो कोठे नेऊन ठेवतो, हे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे. मंत्र किती आणि चेटकिणी किती, ही मोजदाद त्या मानाने किरकोळ आहे. वाचकांना एक सूचना मात्र आधीच देतो. शेवटांविषयी लिहायचे म्हणजे शेवट सांगावे लागतात. ज्यांना रहस्य राखून ठेवायचे असेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा आणि मग सवडीने वाचावा.

मराठी वाचकाला अद्भुताचे वावडे मुळात नव्हते. १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख कादंबरीत आणले. मराठी कादंबरीचा हा आरंभ वास्तवाच्या अंगणात झाला. परंतु चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि पुढे बराच काळ वाचक अद्भुतरम्य कथानकांत रमून गेला. नंतरच्या समीक्षेने वास्तवाला झुकते माप दिले आणि अद्भुत हा पोरकटपणा ठरला. विज्ञानकथेला आपल्याकडे मान मिळाला तो मुख्यतः लघुकथेच्या रूपाने. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठविली, तेथपासून ती वाट रुंद होत गेली. दिवाळी अंकांनी ती जोपासली. पण दिवाळी अंकात कथा मावते, मालिका मावत नाही. त्यामुळे या प्रकारातील मोठी रचना आपली मुले इंग्रजीतून वाचतात आणि मराठी समीक्षा तिच्याविषयी बहुधा मौन पाळते. मौन पाळण्याचे आपल्याला तर काहीच कारण नाही. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. दोन पुराणे, अनेक अवस्वरू, आणि सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघालेली एक अखंड कथा. आपले पूर्वज ते चर्चमध्ये भागाभागाने ऐकत. दीर्घ कथेला हप्त्याहप्त्याने सामोरे जाण्याची सवय आपल्या रक्तात आहे.

मालिका लांबते याला व्यापार हे एक कारण असतेच. पहिला खंड खपला की दुसऱ्याची मागणी येते. पण लांबण्याने कथेचे काय होते, हे आयझॅक असिमॉव यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेत स्पष्ट दिसते. या कथा १९४२ ते १९५० या काळात एका अमेरिकन मासिकात आल्या आणि १९५१ ते १९५३ या वर्षांत तीन पुस्तकांत एकत्र झाल्या. गिबनने लिहिलेल्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाच्या इतिहासावरून सुचलेली त्यांची कल्पना भव्य आहे. आकाशगंगेचे साम्राज्य कोसळणार, हे हॅरी सेल्डन हा गणिती आधीच ओळखतो आणि तीस हजार वर्षांचे अंधारयुग एक हजार वर्षांवर आणण्याची योजना आखून ठेवतो. पहिल्याच पुस्तकात फाउंडेशनचे लोक शेजारच्या राज्यांना यंत्रे देतात ती धर्माच्या वेष्टनातून. तेथले पुरोहित यंत्र चालवितात, पण ते कसे चालते हे त्यांना ठाऊक नसते. श्रद्धावंत वाचकाला हे बोचेल. तरीही ते वाचावे असे आम्ही म्हणू, कारण धर्माचा राज्यसत्तेचे हत्यार म्हणून वापर झाल्याची उदाहरणे इतिहासात कमी नाहीत, आणि असा धर्म किती पोकळ असतो हे असिमॉव यांनी नेमके दाखविले आहे.

अडचण पुढे आहे. जवळजवळ तीस वर्षांच्या खंडानंतर, प्रकाशक आणि वाचक यांच्या आग्रहामुळे, असिमॉव १९८२ साली या मालिकेकडे परतले. १९८६ मध्ये आणखी एक खंड आला. हजार वर्षांच्या योजनेची जेमतेम निम्मीच वर्षे तेथवर कथेत आली होती; पण लेखकाला पुढची वाट दिसेना, म्हणून १९८८ साली आणि मृत्यूनंतर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या खंडांत ते मागे, सेल्डनच्या आयुष्याकडे वळले. या उत्तरखंडांतून असे उघड होते की, वीस हजार वर्षे एक यंत्रमानव पडद्याआडून माणसांची मने वळवीत आला आहे. सेल्डनचे गणित, व्यापाऱ्यांचे धाडस, सेनापतींचे पराक्रम, सारे मग कळसूत्री ठरते. देवाच्या तरतुदीवर आपला विश्वास आहे. परंतु ती तरतूद मानवाचे स्वातंत्र्य पुसून टाकीत नाही. या यंत्रमानवाची तरतूद पुसून टाकते. कथा संपवता न आल्याने लेखकाने तिचा अर्थच काढून घेतला, असा आमचा या मालिकेवरील मुख्य आक्षेप आहे. पहिली तीन पुस्तके वाचावीत आणि तेथेच थांबावे.

फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ (१९६५) याहून अधिक गंभीर आहे. वाळवंटी ग्रहावरच्या लोकांत एका त्रात्याची भविष्यवाणी प्रचलित असते, आणि पॉल अत्रेइदिस हा तरुण तो त्राता होऊन बसतो. ती भविष्यवाणी मुळात एका स्त्रीसंघाने पिढ्यान्‌पिढ्या आधी, पुढे आपल्या उपयोगी पडावी म्हणून, तेथे पेरलेली असते. पुष्कळ वाचक पहिला खंड वाचून पॉलचे भक्त होतात. हर्बर्ट यांना नेमकी याच भक्तीची भीती घालावयाची होती. १९६९ सालच्या दुसऱ्या खंडात पॉलच्या नावाने झालेल्या धर्मयुद्धात एकसष्ट अब्ज माणसे मेल्याचे सांगितले आहे. खोट्या ख्रिस्तांपासून सावध राहा असे शुभवर्तमान आपल्याला सांगते. राजकीय पुढाऱ्याची मूर्ती करून तिची आरती ओवाळणाऱ्या कोणत्याही समाजाला ही कादंबरी तोच इशारा देते. मात्र पुढे मालिका तत्त्वचर्चेच्या वाळूत रुतत जाते. सहावा खंड १९८५ साली आला, १९८६ साली हर्बर्ट निवर्तले आणि कथा अधांतरी राहिली. १९९९ पासून त्यांच्या पुत्राने सहलेखकाच्या साहाय्याने मागचेपुढचे अनेक खंड लिहिले. संस्थापक गेल्यावर पेढीचे नाव चालू राहावे, तसे ते आहेत.

लेखकाच्या हयातीत पुऱ्या न झालेल्या मालिकांचे भाग्य नेहमीच असे नसते, हेही सांगितले पाहिजे. रॉबर्ट जॉर्डन २००७ साली वारले तेव्हा ‘व्हील ऑफ टाइम’ अपुरी होती. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले आणि २०१३ साली चौदाव्या खंडाने ती पूर्ण झाली. दुसऱ्याची शिडे आपल्या हाती घेऊन होडी धक्क्याला लावण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. उलट, जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेचा पाचवा खंड २०११ साली आला, आणि त्यानंतर एका दशकाहून अधिक काळ वाचक सहाव्याची वाट पाहत राहिले. ही मालिका मुलांसाठी नाही. तीतील क्रौर्य आणि वासना यांची वर्णने प्रौढांनाही जड जातात. पण तिची खरी उणीव आम्हाला वेगळीच वाटते. चांगली माणसे मरतात एवढे दाखवून तिला थांबता येणार नाही. त्या मरणांचा हिशेब लागतो की नाही, हे शेवटच सांगू शकतो.

येथे जे. आर. आर. टोल्किन यांच्याकडे वळणे ओघानेच येते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४ आणि १९५५ या वर्षांत तीन खंडांत निघाली, म्हणून तिला सगळे त्रयी म्हणतात. वस्तुतः ती एकच कादंबरी आहे. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये कागद महाग होता, म्हणून प्रकाशकाने तिचे तीन भाग केले. शेवट ठाऊक असलेल्या, नव्हे शेवटासाठीच रचलेल्या कथेचे बळ तीत आहे. मराठीत ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आली आहे.

टोल्किन कॅथलिक होते हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. त्यांच्या आईने १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, त्यापायी नातलगांचा रोष पत्करला आणि १९०४ साली ती वारली. दोन्ही पोरक्या मुलांचा सांभाळ बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला. १९५३ साली एका येशूसंघीय मित्राला लिहिलेल्या पत्रात टोल्किन यांनी आपली ही कृती मुळातच धार्मिक आणि कॅथलिक असल्याचे म्हटले आहे. आणि तरी या हजार पृष्ठांत एकही चर्च नाही, एकही धर्मगुरू नाही, प्रार्थनाही जवळजवळ नाही. मग ती कॅथलिक कोठे आहे? अंगठीचा नाश २५ मार्चला होतो, म्हणजे देवदूताने मरियेस संदेश दिला त्या सणाच्या दिवशी. आणि ती नष्ट करण्यासाठी मंडळी निघतात ती २५ डिसेंबरला. असे दाखले शोधून काढण्यात मौज आहे, परंतु खरे उत्तर तेथे नाही. ते अग्निपर्वताच्या कड्यावर आहे.

इतका प्रवास करून फ्रोडो कड्यावर पोहोचतो आणि ऐनवेळी हरतो. अंगठी टाकण्यास तो नकार देतो, ती आपली म्हणून बोटात घालतो. लोकप्रिय कादंबरीचा नायक असा शेवटच्या पावलावर कोसळलेला आम्ही क्वचितच पाहिला आहे. जगाचे रक्षण मग होते कशाने? गॉलम या दुष्ट, दयनीय जिवाला पुष्कळ वर्षांपूर्वी बिल्बोने मारता येत असताना सोडून दिले होते; पुढे फ्रोडोने सोडले, अखेरीस सॅमनेही सोडले. तोच गॉलम अंगठीसाठी फ्रोडोवर झडप घालतो, त्याचे बोट चावून तोडतो आणि तोल जाऊन अंगठीसकट आगीत पडतो. जे बळाने झाले नाही ते पूर्वी केलेल्या दयेने झाले. कृपा म्हणजे काय, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात व्याख्येने सांगणे अवघड जाते; या प्रसंगाने ते सांगून होते. आणि टोल्किन तेथेही थांबत नाहीत. विजयानंतर फ्रोडो घरी येतो, पण त्याच्या जखमा भरत नाहीत, आणि एके दिवशी तो समुद्रापलीकडे निघून जातो. १९१६ साली सोमच्या रणभूमीवर लढलेल्या लेखकाला ठाऊक होते की युद्ध जिंकूनही काही माणसे घरी परतत नाहीत. आनंदाचा शेवट खोटा वाटत नाही तो या दुःखामुळे.

सी. एस. लुईस हे टोल्किन यांचे मित्र. १९३१ साली ते पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले, त्यात टोल्किन यांच्याशी झालेल्या संभाषणाचा वाटा होता. ते अँग्लिकन राहिले. १९५० ते १९५६ या काळात निघालेली त्यांची ‘नार्निया’ची सात पुस्तके आपल्या घरांत सर्वांत निर्धास्तपणे दिली जातात, कारण अस्लान हा सिंह म्हणजे ख्रिस्त हे कोणालाही कळते. आपला माणूस म्हणून त्यांना सूट देऊ नये, असे आम्हाला वाटते. सातव्या पुस्तकात नार्नियाचा अंत होतो आणि लेखक दोन निर्णय देतो. एक थोर आहे, दुसरा कठोर.

थोर निर्णय एमेथचा. हा कालोर्मेन देशाचा तरुण सैनिक. त्याने जन्मभर ताश या दुसऱ्याच देवाची मनोभावे सेवा केलेली असते. शेवटी अस्लानपुढे उभा राहिल्यावर त्याला वाटते की आता आपली धडगत नाही. पण अस्लान त्याला जवळ करतो. सत्याच्या ओढीने केलेली सेवा मी माझीच मानली, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ‘एमेथ’ या हिब्रू शब्दाचा अर्थच सत्य. या पुस्तकानंतर आठ वर्षांनी, १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्तियुम’ या दस्तऐवजात म्हटले की, ज्यांना स्वतःच्या दोषाविना शुभवर्तमानाची ओळख झाली नाही, पण जे प्रांजळ अंतःकरणाने देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते. हिंदू, मुस्लिम, बौद्ध शेजाऱ्यांच्या सुखदुःखात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या मनात हा प्रश्न लवकरच येतो. एमेथची गोष्ट त्यांना अवश्य वाचून दाखवावी. त्याच वेळी हेही दाखवावे की कालोर्मेनचे लोक काळेसावळे, फेटेवाले, वाकड्या तलवारींचे आणि बहुतेक सारे कपटी रंगविलेले आहेत. पूर्वेकडच्या माणसाचे ते इंग्रजी मनातील जुने चित्र आहे, आणि त्या चित्रात आपण बसतो.

कठोर निर्णय सूझनचा. चार भावंडांतील ही थोरली बहीण शेवटच्या पुस्तकात येतच नाही. तिला आता शृंगार, पोशाख, आमंत्रणे यांतच रस आहे, असे सांगून इतर तिला वगळतात. तिचे आईवडील, दोघे भाऊ, धाकटी बहीण हे सर्व एका रेल्वे अपघातात दगावून खऱ्या नार्नियात पोहोचलेले असतात. म्हणजे इकडे इंग्लंडात एक तरुण मुलगी एका दिवसात सगळे घर गमावून बसली आहे आणि लेखकाने तिच्या शोकासाठी एक ओळही खर्चिलेली नाही. सूझन कधीतरी आपल्या वाटेने पोहोचेल, असे लुईस यांनी पुढे एका बालवाचकाला पत्राने कळविले. पत्र लिहून कादंबरी दुरुस्त होत नाही. उधळ्या पुत्राची वाट पाहणारा बाप ज्या शुभवर्तमानात आहे, ते मानणाऱ्या लेखकाने वाट पाहणारे एक माणूस तरी त्या दारात उभे करावयास हवे होते. चर्चला येईनाशी झालेली मुलगी ज्या घरात आहे, त्या घरातील आईला हा आक्षेप समजावून सांगावा लागणार नाही.

जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’वर (१९९७ ते २००७) आपल्याकडे जेवढे बोलले गेले तेवढे त्या सात खंडांच्या शेवटावर बोलले गेले नाही. ख्रिस्तसभेतही मतैक्य नव्हते. २००३ साली कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे, यांनी एका जर्मन लेखिकेला लिहिलेल्या पत्रात या पुस्तकांच्या सूक्ष्म मोहाविषयी चिंता प्रकट केली. २००९ साली व्हॅटिकनच्या ‘ऑस्सेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने सहाव्या चित्रपटाचे कौतुक केले. कार्डिनलमहोदयांच्या पत्राच्या वेळी मालिका अपुरी होती, हे ध्यानात घ्यावे.

पहिल्या खंडाचे मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. आपला परीस लोखंडाचे सोने करतो. मूळ कथेतील खडा त्याशिवाय मरण लांबविणारे अमृतही देतो. नाव गोड आहे, पण मालिकेचा मुख्य धागा त्यातून निसटला, कारण या सात खंडांचा खरा विषय मरणाचे भय हाच आहे. व्होल्डेमॉर्ट मरण टाळण्यासाठी खून करून आपल्या आत्म्याचे तुकडे करतो. हॅरी सातव्या खंडात इतरांसाठी मरण पत्करून, हाती शस्त्र न घेता, जंगलात चालत जातो. त्याच्या आईवडिलांच्या थडग्यावर संत पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील वचन कोरलेले आहे, मरण या अखेरच्या शत्रूच्या नाशाविषयीचे. शेवटच्या द्वंद्वाआधी तो शत्रूला पश्चात्तापाची संधी देतो. मधले खंड फुगले आहेत, पाचवा तर फारच. भाषा सरधोपट आहे. आणि मंत्र हे येथे शाळेच्या पाठांतराहून अधिक गूढ नाहीत. कोणी मूल हे वाचून चेटूक शिकेल ही भीती आम्हाला पटत नाही. मात्र मूल पहिले चार खंड वाचून सोडून देत असेल, तर त्याला शेवटपर्यंत जाण्यास सांगावे.

फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटीरियल्स’ (१९९५ ते २०००) ही त्रयी उघडपणे आपल्या विरोधात उभी आहे. तीत ख्रिस्तसभा मुलांवर अत्याचार करते, आणि देव म्हणविणारा एक जर्जर जीव शेवटी वाऱ्यात विरून जातो. एका धर्मगुरूला तर खुनाची क्षमा खुनाआधीच दिलेली असते. पापक्षमेचा आपला संस्कार असा नव्हे हे धर्मशिक्षण घेतलेले मूलही सांगेल. पश्चात्तापावाचून क्षमा नाही आणि न केलेल्या पापाचा पश्चात्ताप होत नाही. पण आमचा आक्षेप केवळ श्रद्धेचा नाही, कलेचाही आहे. जी कादंबरी आपल्या प्रतिपक्षाला एकही सज्जन माणूस देत नाही, ती स्वतःचेच पारडे हलके करते. या त्रयीत धर्मसत्तेच्या बाजूला विचार करणारा, दयाळू असा कोणी नाही. एकेकाळी जोगीण असलेली मेरी मॅलोन चांगली आहे, पण ती व्रत सोडून गेल्यावर.

एवढे म्हटल्यावर हेही म्हटले पाहिजे की, तिसऱ्या खंडातील मृतांच्या प्रदेशाचे वर्णन आम्ही विसरू शकलो नाही. लायरा आणि विल ही मुले त्या करड्या, निरानंद जागेत जिवंतपणी उतरतात आणि तेथे अडकलेल्या असंख्य मृतांसाठी वाट खुली करतात. पुढल्या काळासाठी करार असा ठरतो की, मृताने आपल्या जगण्याची खरी गोष्ट सांगावी, म्हणजे पहारेकरीण त्याला बाहेर पोहोचवील. बाहेर येताच ते आनंदाने कणाकणांत विरून सृष्टीत मिसळतात.

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतही असेच घडते. १९६८, १९७१ आणि १९७२ साली तीन पुस्तके लिहून त्यांनी ती पूर्ण केली असे सर्वांना वाटले. त्यांच्या जगात मृत लोक एका बुटक्या दगडी भिंतीपलीकडे कोरड्या भूमीत राहतात. आई मुलाला भेटते पण ओळख दाखवीत नाही. १९९० साली ले ग्विन परतल्या. दुसऱ्या पुस्तकातील टेनार ही पुजारीण आता शेतकऱ्याची विधवा आहे, भाजलेल्या एका पोरीला सांभाळते आहे, आणि जगाचा थोर जादूगार गेड शक्ती गमावून शेळ्या राखतो आहे. पराक्रमाच्या कथांत स्वयंपाकघर आणि म्हातारपण यांना जागा का नव्हती, हा प्रश्न लेखिकेने आपल्याच जगाला विचारला. २००१ सालच्या अखेरच्या कादंबरीत ती दगडी भिंत पाडली जाते आणि मृत मोकळे होतात. संपलेली कथा पुन्हा उघडणे नेहमी व्यापारच असतो असे नाही, याचा हा दाखला. असिमॉव आपल्या जगाला जोड देण्यासाठी परतले, ले ग्विन न्याय देण्यासाठी.

पुलमन नास्तिक, ले ग्विन ताओ विचाराकडे झुकलेल्या. आणि एका वर्षाच्या अंतराने दोघांनीही मृतांच्या तुरुंगाची भिंत फोडली. मृतांना असे कोंडून ठेवणे सहन होत नाही, ही ओढ दोघांच्या लेखनात खरी आहे. ख्रिस्त अधोलोकात उतरला असे आपण प्रेषितांच्या श्रद्धांगीकारात म्हणतो, त्या रहस्याच्या किती जवळ ही दोन्ही दृश्ये येतात! पण दोघांनाही मृतांना देण्यासाठी विरून जाण्यापलीकडे काही सापडत नाही. नोव्हेंबरात आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावतो त्या विरलेल्या कणांसाठी नव्हे. आपण नावे घेतो. आजीचे नाव, तान्हेपणी गेलेल्या भावाचे नाव. आपली आशा त्या नावांच्या, त्या चेहऱ्यांच्या भेटीची आहे. या दोन मालिका वाचलेल्या मुलाशी हा फरक बोलता येतो. न वाचलेल्याशी तो बोलायला विषयच निघत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्याच्या घडणीतील स्थानाविषयी एक पत्र लिहिले. आधी ते धर्मगुरूपदाच्या प्रशिक्षणासाठी योजिले होते, नंतर सर्व ख्रिस्ती जनांसाठी केले. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे आणि दुसऱ्याचा आवाज ऐकणे साहित्यामुळे साधते, हा त्या पत्राचा गाभा आहे. आपल्याला विरोध करणाऱ्याचा आवाजही त्यात आला.

पालक विचारतील, मग द्यावे काय? आमचे मत असे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला नार्निया द्यावे, आणि सातवे पुस्तक त्याच्यासोबत वाचावे. हॅरी पॉटर दहा-अकराव्या वर्षापासून, क्रमाने, शेवटपर्यंत. अर्थसीची पहिली तीन पुस्तके बाराव्या-तेराव्या वर्षी. विधवा टेनारचे पुस्तक मोठेपणी, आणि ते आईवडिलांनीही वाचावे. टोल्किनला घाई करू नये. असिमॉव आणि हर्बर्ट महाविद्यालयात जाणाऱ्यांना. पुलमन पंधरा-सोळाच्या आत नको, आणि त्यानंतर लपवूनही ठेवू नये. मात्र घरात कोणीतरी मोठ्याने तो वाचलेला असावा. जे पुस्तक मुलाने वाचले आणि आपण वाचले नाही, त्याविषयी त्याच्याशी बोलण्याचा आपला हक्क फार तोकडा असतो. धर्मग्रामाच्या ग्रंथालयाने या मालिकांचे पूर्ण संच ठेवावेत, पहिलाच खंड नव्हे, एवढी विनंती करून आम्ही हा लेख आवरता घेतो.